गुरांच्या नसांवर विषावर विष चढू नये म्हणून

सकाळी गोचिडांसाठी गाईच्या अंगावर औषध मारलं आणि दुपारी तीच गाय काल फवारलेल्या कपाशीच्या बांधावर चरायला सोडली, असं सहज घडतं. पण एका औषधाने दुसऱ्याचं विष वाढतं, म्हणून हे आधीच सांभाळायला हवं.

घरातल्या सगळ्या बाटल्या पुढ्यात घ्या आणि नावं वाचा. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. नसेचा निरोप स्नायूला पोचला की तो पुसणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ही औषधं तेच बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाही. गोचिडांवरचं सायपरमेथ्रिन वेगळ्या गटातलं, पण ते शरीरात मोडणारी विकरंही ऑर्गॅनोफॉस्फेटने अडतात, त्यामुळे एरवी सोसणारा डोसही बाधतो. जंतावरचं लेव्हामिसोल आणि ऑर्गॅनोफॉस्फेट यांत किमान 14 दिवस जाऊ द्या.

गोठ्यात कॅलेंडर टांगा. शेतातली फवारणी, गोचीड, जंत, सगळ्याच्या तारखा एकाच जागी लिहा. शेतातला पंप जनावरावर वापरू नका, आणि दोन औषधं तर कधीच मिसळू नका. फवारलेल्या शेताचं गवतही गव्हाणीत नको.

तरीही तोंडाला लाळेच्या तारा, डोळ्यांत पाणी, बाहुल्या बारीक, अंगाला थरथर, पातळ शेण, धाप असं दिसलं तर लगेच 1962 या जनावरांसाठीच्या मदत क्रमांकाला किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन करा. औषध अंगावर पडलं असेल तर हातमोजे घालून साबण आणि भरपूर पाण्याने जनावर धुवा. तेल पाजू नका, त्याने विष जास्त शोषलं जाऊ शकतं. बाटली डॉक्टरांना दाखवा, अ‍ॅट्रोपिन हा उतारा द्यायचा की नाही ते त्यावर ठरतं.

जनावर उठलं की आपण निर्धास्त होतो, पण मला खरी काळजी त्यानंतरची वाटते. काही ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे दोन-तीन आठवड्यांनी मागचे पाय लुळे पडतात. कोंबड्यांवरच्या प्रयोगांत असं विष दिल्यानंतर पीएमएसएफ हे रसायन दिलं, तर नसांची इजा वाढली. तेच आधी दिलं तेव्हा कोंबड्यांच्या नसा वाचल्या. म्हणजे विषानंतर दिलेलं दुसरं रसायन इजा वाढवू शकतं. म्हणून बऱ्या झालेल्या जनावराला महिनाभर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही औषध लावू नका. रोज त्याला कडक जमिनीवर चालवून मागून पाहा. पाय उचलण्याऐवजी घासत नेत असेल, मागच्या खुराचं टोक झिजलेलं दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना पुन्हा बोलवा.