सोलापुरात घर घेताय? आधी गच्चीवर चढा

कोकणातून, पुण्याहून इथं राहायला येणारे हमखास म्हणतात, "सोलापुरात पाऊस तो किती! गच्चीला काय होतंय?" मी मूळचा रत्नागिरीकडचा, आता इथं पुरता मुरलेला. म्हणून सांगतो, इथली गच्ची ऊन खातं. पाऊस नुसता ते उघडं पाडतो.

मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो. दिवसभर तापून स्लॅब फुगतो, रात्री आकसतो. या ओढाताणीत कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात बारीक चीर पडते. जूनच्या भुरभुरीत ती कळत नाही. इथला जोराचा पाऊस सप्टेंबरात. तेव्हा भिंतीला ओल आली की सगळे मेस्त्री एकदमच बिझी, आणि दर ते म्हणतील तो. त्यात ओल्या स्लॅबवर केमिकल नीट धरतही नाही.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका. नव्या कोब्यावर, म्हणजे गळती थांबवायला स्लॅबवर टाकलेल्या थरावर, निदान आठवडाभर पाणी धरावं लागतं. मेमध्ये ते बघता बघता उडून जातं आणि नळाला पाणी काही दिवसांआड! टँकरचा खर्च कोटेशनमध्ये सहसा नसतो, तो आधी विचारा. जुना कोबा फोडणं, राडारोडा खाली उतरवून नेणं हेही दरात धरलंय का, ते लिहून घ्या. चौरस फुटाचा स्वस्त दर बहुधा इथंच फुगतो.

फोडण्याआधी हातोडीनं हलकं ठोकत गच्चीभर फिरा. बद्द आवाज आला तिथं कोबा सुटलाय. तेवढाच तुकडा काढून भागत असेल तर अख्खी गच्ची उकरू नका. "जुन्यावरच नवा थर टाकू" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. वजन वाढतं, चीर तशीच राहते. काम झालं की गच्चीच्या पाइपचं तोंड बुजवून दोन दिवस पाणी साठवा, खालून छत बघा, मगच शेवटचा हप्ता द्या. वर पांढरं कोटिंग किंवा पांढरा चायना मोझेक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) घेतलात तर स्लॅब कमी तापतो. माझ्या मते हा खर्च चैनीचा नाही.

पेठांतलं जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं घर असेल तर गोष्ट वेगळी. तिथं माती चाळण्याआधी खालची लाकडं वाळवीसाठी तपासा. पत्र्याच्या घरात बोल्टखालचे रबरी वॉशर उन्हानं कडक होऊन तडकतात. ते वळवाच्या वाऱ्याआधी, मार्चमध्येच बदला. पत्रा उडाल्यावर नुसत्या वॉशरवर भागत नाही.