रोव्हरने शेताची मोजणी होताना बांधावर उभं राहून काय पाहावं

एक गुंठा म्हणजे ३३ फुटांची साखळी लांब आणि तेवढीच रुंद जागा. त्या साखळीने मोजलेल्या शेतात आता भूकरमापक काठीवर बसवलेला रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संदेशावरून जागा मोजणारं यंत्र, घेऊन येतो. यंत्र उत्तम आहे, मोजणीही लवकर उरकते. पण आपली हद्द त्या यंत्राला ठाऊक नसते, ती जुन्या कागदांत आणि बांधावरच्या दगडांत असते. म्हणून तयारी तिथूनच करा.

मोजणीच्या आदल्या दिवशी बांध फिरून घ्या. झुडपांत दडलेले हद्दीचे दगड मोकळे करा, पण जागचे हलवू नका. सातबारा, गटाचा नकाशा आणि आधीच्या मोजणीची 'क' प्रत (मोजणीनंतर मिळालेला नकाशा) असल्यास जवळ ठेवा.

यंत्र सुरू झालं की पडद्यावर 'फिक्स' आलं का, म्हणजे जागेचा हिशेब पक्का झाला का, ते विचारा. उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि वातावरणातून येताना त्यांच्या संदेशाला किंचित उशीर होतो. फोनवरची जागा काही मीटर चुकते ती मुख्यतः यामुळे, आणि बांधाचं भांडण तर बहुधा हातभर जागेचं असतं. ही चूक काढायला स्वतःची जागा पक्की माहीत असलेलं स्थिर स्टेशन लागतं. सर्व्हे ऑफ इंडियाची अशी ७७ स्टेशनं महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या आधाराने निघालेली दुरुस्ती मोबाइल इंटरनेटवरून रोव्हरला मिळते आणि जागा दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेमकी येते. पडद्यावर 'फ्लोट' दिसत असेल तर हिशेब अजून पक्का झालेला नाही, थांबायला सांगा. रेंज नसेल तर जवळच तिपाईवर दुसरं यंत्र बसवून तेच काम करता येतं.

काठी सरळ हवी. काठीवरच्या पातळीतला बुडबुडा मधोमध नसेल आणि दोन मीटरची काठी एक अंश जरी कलली, तरी साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो.

आंब्याखाली, पत्र्याच्या शेडजवळ किंवा विहिरीच्या उंच कठड्याला लागून घेतलेल्या बिंदूवर विसंबू नका, तिथे संदेश अडतो किंवा आदळून उलटा येतो. अशा वेळी मोकळ्या जागी दोन बिंदू घ्यावेत आणि तिथून टेपने कोपरा मोजावा.

शेवटी पहिल्या बिंदूवर परत जाऊन तो पुन्हा मोजायला सांगा. दोन्ही आकडे जुळले तर मधल्या कामावर विश्वास ठेवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळू देऊ नका.

खरा कस नव्या मोजणीवर जुना नकाशा बसवताना लागतो. जुन्या मोजणीच्या टिपणात मापं साखळी-आण्यांत आहेत. साखळीचे १६ आणे, म्हणजे एक आणा सुमारे ६३ सेंटिमीटर. इतक्या ढोबळ मापावर सेंटिमीटरची मोजणी बसवायची, तर शिवेचा दगड, जुना रस्ता, शेजारच्या गटांचे कोपरे असे निर्विवाद बिंदू जितके जास्त तितकं बरं. फक्त आपल्याच गटाचे चार कोपरे घेऊन नकाशा बसवत असतील, तर लगतचे गटही मोजायला विनंती करा. कोणते बिंदू धरले ते लिहून घ्या.

हद्दीच्या खुणा दाखवल्या की शेजाऱ्यांसमोर त्याच दिवशी दगड रोवा. निकाल मान्य नसेल तर निमताना मोजणीसाठी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणीसाठी, अर्ज करता येतो, आणि तेव्हा धरलेल्या बिंदूंची ती नोंद कामी येते.