ब्रेकिंग न्यूज कशी बघावी: औशाच्या एका वार्ताहराचं सांगणं

टीव्हीवर लाल पट्टी आली की पुण्याला कामाला गेलेली आमच्याकडची पोरं मला फोन लावतात. "काका, खरं हाय का?" मी औसा तालुक्यातून वाहिन्यांना बातम्या देतो, स्ट्रिंगर म्हणतात आम्हाला. पोरांना फोनवर जे सांगतो तेच इथं लिहितोय.

आधी चित्राचा कोपरा बघा. बारीक अक्षरात 'फाईल', 'संग्रहित' किंवा 'प्रातिनिधिक' असं असेल तर ते चित्र आजचं नाही. भूकंपाच्या बातमीला तर हे फार जपावं लागतं. २१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, नांदेड-परभणीलाही जाणवला. अशा बातमीसोबत किल्लारीचे ढिगारे दिसले की आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांचे हातपाय गळतात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बोळवून झोपलेली गावं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांची नजर कोपऱ्यातल्या अक्षरांकडे जात नाही. म्हणून घरातल्या पोरासोरांनी 'संग्रहित' हा शब्द मोठ्यानं वाचून दाखवावा. एवढं कराच.

मग राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं संकेतस्थळ उघडा. वेळ, केंद्रबिंदू, खोली, तीव्रता सगळं तिथं मिळतं. आकडा नीट वाचा: ४.५ आणि ६.२ ऐकायला जवळचे वाटतात, पण बाहेर पडणाऱ्या ऊर्जेत साडेतीनशे पटीच्या आसपास फरक असतो. दोन वाहिन्यांवर दोन आकडे दिसले म्हणून लगेच कुणाला खोटं ठरवू नका. किल्लारीचाच आकडा कुठं ६.२, कुठं ६.४ असा सापडतो, कारण मोजणाऱ्या संस्था आणि पद्धती वेगळ्या.

वार्ताहर फोनोवर, म्हणजे फोनवरून थेट बातमी देत असेल तर तो कुठून बोलतोय ते कान देऊन ऐका. लातूरहून बोलणारा माणूस किल्लारीत पोचायला रस्त्यानं तासभर लागतो. तोवर तो जे सांगतो ते त्यानंही फोनवरच ऐकलेलं असतं. मृतांचा आकडा जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावानं आला तरच धरा. 'सूत्रांची माहिती' आणि 'भीती व्यक्त' या शब्दांवर कुणाच्या घरी फोन करू नका. जखमींना एका दवाखान्यातून दुसरीकडं हलवतात आणि दोन्हीकडं त्यांची मोजणी होऊ शकते, त्यामुळं पहिल्या तासाचा आकडा हलताच असतो.

अतिरेक्यांविरुद्ध कारवाई चालू असताना थेट दृश्यं दिसत नसतील तर वाहिनी काही दडवतेय असं समजू नका. २६/११ ला कारवाईचं थेट प्रक्षेपण झालं. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये कडक शब्दांत ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये नियमच झाला: कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती दाखवायची. मला हा नियम मनापासून पटतो. आत अडकलेल्या माणसाचा जीव आपल्या बघण्याहून मोठा आहे.

मतमोजणीच्या दिवशी आघाडीच्या आधी फेरी बघा. सकाळी ८ ला टपाली मतं सुरू होतात, यंत्रं त्यानंतर. कितवी फेरी आणि एकूण किती, हे कळल्याशिवाय गुलाल आणू नका. ४ जून २०२४ ला बीड लोकसभेचा निकाल ६,५५३ मतांवर लागला, तोही रात्री उशिरा.

आणि घटना तुमच्याच गावात घडली तर? मोबाईल आडवा धरा, दहा-पंधरा सेकंद हात स्थिर ठेवा, चित्रातच गाव, तारीख, वेळ बोला. आधी मदत, मग शूटिंग. मृताचा चेहरा घेऊ नका. घरच्यांना कळायच्या आत नाव कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. वर संगीत चढवू नका, कापाकापी करू नका, मूळ फाईल आहे तशी पाठवा. पाठवल्यावर फोन उचला, कारण मी उलट विचारणार आहे: हे तुम्ही स्वतः घेतलं, का कुणी पाठवलं?