पीईबी शेडचं डिझाइन: आधी वाऱ्याच्या उचलीचा हिशेब

पीईबी शेड (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग, म्हणजे कारखान्यात भाग बनवून साइटवर बोल्टने जोडलेली स्टीलची शेड) हलकी असते. 24 मीटर स्पॅनच्या (दोन बाजूंच्या कॉलममधलं अंतर) साध्या शेडचे पत्रे, पर्लिन (पत्र्याखालचे आडवे स्टीलचे सदस्य) आणि फ्रेम मिळून चौरस मीटरला 25 किलोच्या आसपास वजन भरतं. एवढ्या हलक्या छपराला वारा वर ओढतो आणि बऱ्याच ठिकाणी डिझाइन ठरतं ते त्याच उचलीवर. चाकणचं उदाहरण घेऊ: स्पॅन 24 मीटर, बे (दोन फ्रेममधलं अंतर) 7.5 मीटर, उतार 1:10, उंची 10 मीटरच्या आत.

आयएस 875 भाग 3 (2015), म्हणजे वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, पुण्याला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर देतो. मोकळ्या, सपाट जागेत जोखीम, उंची आणि भूरचनेचे गुणक 1 धरले की दाब 0.6 × 39 × 39, म्हणजे सुमारे 0.91 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. मुख्य फ्रेमसाठी दिशा, क्षेत्रफळ वगैरे गुणकांनी तो कमी होतो, पण 70 टक्क्यांच्या खाली नेता येत नाही. म्हणून 0.64 धरा. मुंबईचा वेग 44 आहे, म्हणजे दाब 27 टक्के जास्त. पुण्याचं ड्रॉइंग तिकडे जसंच्या तसं चालत नाही.

आता आतला दाब. भिंतीतली उघडी जागा 5 टक्क्यांपर्यंत असेल तर गुणांक 0.2, 5 ते 20 टक्के असेल तर 0.5, त्यापुढे 0.7. मालकाला शटर किती, पुढे एखादी भिंत काढणार का, हे आधीच विचारून लिहून घ्या. इथे 0.5 धरलं तर बाहेरचा आणि आतला गुणांक मिळून वाऱ्याकडच्या अर्ध्या छपरावर 0.9 + 0.5 = 1.4 आणि पलीकडे 0.4 + 0.5 = 0.9 येतो; त्याला 0.64 ने गुणलं की ओढ मिळते. 0.9 पट स्वभार (शेडचं स्वतःचं वजन) + 1.5 पट वारा या भारसंयोगात वाऱ्याकडच्या एका कॉलमवर केवळ छपरामुळे 90 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 9 टन उचल येते.

हा आकडा पायाच्या डिझाइनरपर्यंत पोचलाच पाहिजे. 1.5 मीटर चौरस, 450 मिमी जाड फूटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) आणि त्यावर 1.2 मीटर माती धरली तर वजन साडेसात टनांच्या आत राहतं. जमिनीच्या धारणक्षमतेत ते आरामात बसतं, पण उचलीला कमी पडतं. 1.8 मीटर केलं की साडेदहा टन होतात आणि 0.9 ने गुणूनही 9 च्या वर उरतात.

राफ्टरची (फ्रेमचा वरचा तिरका भाग) खालची फ्लँज, म्हणजे त्याची खालची आडवी पट्टी, ही दुसरी दुखरी जागा. नेहमीच्या भारात कॉलमजवळ ती दाबात असते, वाऱ्यात मधल्या भागातही दाबात येते. तिला आडवा आधार फक्त फ्लँज ब्रेसचा, म्हणजे पर्लिनपासून तिरक्या येणाऱ्या छोट्या अँगलचा. डिझाइनमध्ये एकाआड एक पर्लिनला धरला असेल, तर साइटवर तितकेच लागले पाहिजेत. घाईत वगळला जाणारा भाग नेमका हाच, आणि बाहेरून काही दिसतही नाही.

पर्लिनचंही तसंच आहे. उचलीत तिची खालची फ्लँज दाबात येते, म्हणून फक्त वरच्या फ्लँजला सॅग रॉड (पर्लिनना एकमेकींशी बांधणारी सळई) लावून भागत नाही. कडा आणि कोपऱ्यांत ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते, तिथे पर्लिन जवळ घ्या आणि स्क्रू वाढवा.

छपराचा चल भार (माणसं, दुरुस्तीचं सामान वगैरेंचा) आयएस 875 भाग 2 नुसार चौरस मीटरला 0.75 किलोन्यूटन. सोलर लावायचं असेल तर पॅनेल आणि चौकटीचे चौरस मीटरला सुमारे 15 किलो स्वभारात वेगळे धरा. शेड उभी राहिल्यावर पर्लिन बदलणं फार खर्चिक पडतं. उचलीच्या संयोगात मात्र हे वजन धरू नका, पॅनेल उद्या काढलेही जातील.

कॉलम पायाला धरणारे अँकर बोल्ट टेम्प्लेटला (भोकांची जागा ठरवणारा साचा) बांधूनच काँक्रीट ओता. बोल्ट सरकला तर बेस प्लेटचं (कॉलमच्या तळाची प्लेट) भोक गॅसने मोठं करण्याआधी डिझाइनरला विचारा. उभारणी ब्रेसिंगच्या बेपासून सुरू करा: चार कॉलम, दोन राफ्टर, पर्लिन आणि क्रॉस ब्रेसिंग ताणून झाल्याशिवाय पुढच्या फ्रेमला हात लावू नका. एकटी उभी फ्रेम संध्याकाळच्या वळिवाच्या वाऱ्यात आडवी होऊ शकते, तेव्हा रोज काम थांबवताना गाय रोप (फ्रेमला ताणून धरणारे दोर) बांधूनच साइट सोडा.