व्हीएनस्टॅट बसवताना या चुका टाळा : आकडे का दिसत नाहीत आणि चुकीचे का येतात

सर्व्हरवरून महिन्याभरात किती डेटा आला-गेला, एवढंच हवं असेल तर लिनक्सवर व्हीएनस्टॅट हे मोजणीचं साधन पुरेसं आहे. ते पॅकेट उघडून बघत नाही. प्रत्येक नेटवर्क इंटरफेसवरून (नेटवर्क कार्ड किंवा तशी आभासी जोडणी) किती बाइट गेले हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मोजतच असतो. व्हीएनस्टॅटचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) ते आकडे वाचून डेटाबेसमध्ये ठेवतो. म्हणून सर्व्हरवर भार जवळपास पडतच नाही. पण डीमन सुरू नसेल त्या काळाचा हिशेब नीट मिळणार नाही, हेही त्यातच आलं.

डीमन सुरूच नाही

डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज बसवलं की सर्व्हिस आपोआप चालू होते. रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर तसं होत नाही. तिथे आधी ईपेल रेपॉझिटरी (जादा पॅकेजचा साठा) जोडावी लागते आणि पॅकेज बसवल्यावर सिस्टमसीटीएल या कमांडने सर्व्हिस ‘एनेबल’ आणि ‘स्टार्ट’ दोन्ही करावी लागते. नुसती स्टार्ट केली तर पुढच्या रीबूटनंतर मोजणी थांबते आणि महिनाअखेरीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

बसवल्याबरोबर ‘पुरेसा डेटा नाही’ असा संदेश आला तर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. डीमन डेटाबेसमध्ये दर ५ मिनिटांनी लिहितो. तेवढं थांबा.

जुन्या लेखातली कमांड

इंटरनेटवरच्या बऱ्याच लेखांत डेटाबेस तयार करायला ‘-यू’ हा पर्याय दिलेला असतो. तो १.एक्स आवृत्तीचा. २.० पासून तो काढून टाकला आहे, आणि साठवण एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये होते. डेटाबेस रिकामा असताना डीमन पहिल्यांदा सुरू झाला की सापडलेले इंटरफेस स्वतःच जोडतो. नंतर नवं कार्ड लावलं किंवा नाव ईटीएच०चं ईएनएस३ झालं, तर मात्र ‘--ॲड’ पर्यायाने ते हातानं जोडा. नाव नक्की काय आहे ते आधी ‘आयपी लिंक’ या कमांडने बघा.

इथेच परवानगीचा घोळ होतो. डेटाबेसची फाइल रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या युजरच्या) नावावर तयार झाली, तर व्हीएनस्टॅट या युजरखाली चालणाऱ्या डीमनला तिच्यात लिहिता येत नाही. लॉगमध्ये ‘रीडओन्ली डेटाबेस’ दिसलं तर /व्हार/लिब/व्हीएनस्टॅट या फोल्डरची मालकी आतल्या फाइलींसकट व्हीएनस्टॅट युजरकडे द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

वेगाची मर्यादा: सर्वांत फसवी चूक

कॉन्फिग फाइलमध्ये ‘मॅक्सबँडविड्थ’ असतं, सहसा १००० मेगाबिट. कार्डाचा वेग ओळखायचा प्रयत्न डीमन करतो, पण व्हर्च्युअल मशीनमधलं कार्ड वेग सांगेलच असं नाही. मग हीच मर्यादा लागू होते. १००० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. १० गिगाबिटच्या लाइनवर रात्रीचा बॅकअप याहून जोरात गेला, तर डीमन तो आकडा अशक्य मानून टाकून देतो. म्हणजे सर्वांत जास्त वापर झालेला तासच हिशेबातून गायब! लॉगमध्ये वेग ठरलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त असल्याची ओळ दिसते. मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगाइतकी ठेवा. ० ठेवल्यास ही तपासणी बंद होते.

बिलाशी आकडा जुळत नाही

व्हीएनस्टॅट मुळात १०२४च्या पटीत, म्हणजे जिबीबाइटमध्ये दाखवतं. होस्टिंग कंपनी १०००च्या पटीत मोजत असेल तर टेराबाइटला जवळपास १० टक्के फरक पडतो. तसं असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘युनिटमोड’ २ करा, म्हणजे तेही १०००च्या पटीत दाखवेल. बिलाचा महिना १ तारखेला सुरू होत नसेल तर ‘मंथरोटेट’मध्ये ती तारीख द्या (१ ते २८). हे पहिल्याच दिवशी करा, कारण साठवलेल्या जुन्या नोंदी नंतर नव्याने मोजल्या जात नाहीत.

डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारी प्रणाली) असेल तर सगळ्या इंटरफेसची बेरीज करू नका. कंटेनरमधून बाहेर जाणारा तोच डेटा व्हीईटीएच आणि डॉकर० हे आभासी इंटरफेस आणि मुख्य कार्ड अशा तिन्ही ठिकाणी मोजला जातो. बिलासाठी फक्त मुख्य कार्ड बघा. त्यावरून खासगी नेटवर्कचाही डेटा जात असेल तर व्हीएनस्टॅट तो वेगळा काढू शकत नाही.

कोणता प्रोग्राम डेटा खातोय हेही ते सांगणार नाही; त्यासाठी नेटहॉग्ज वापरा, कोणत्या आयपीकडे जातोय हे आयएफटॉपमध्ये दिसेल.