पावसाळ्यात फुगलेली लाकडी फरशी: माझा अनुभव

पणजीत मळा या भागात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर घेतला, तोच मुळी सागवानी फळ्यांच्या जमिनीवर भाळून. जुलै उजाडला आणि अनवाणी चालताना पायाला काहीतरी टोचू लागलं. वाकून बघितलं तर प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा उचललेल्या, मध्ये खोलगट. पन्हळी पत्राच जणू! डिपॉझिट गेलं, हा पहिला विचार.

सुतार म्हणाला, "रंधा मारून सपाट करतो." घरमालकीणबाईंनी थांबवलं, ते बरं झालं. लाकूड ओलावा शोषून आडवं फुगतं, आणि फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त दमट असली की कडा वर येतात. तेव्हाच तासलं तर वाळल्यावर मधला भाग उंच राहतो.

चूक माझीच होती. रोज ओल्या पोछ्याने पुसत होतो. बादलीत बुडवलेला, नीट न पिळलेला पोछा. पाणी फटींतून खाली मुरायचं. त्यात घर दिवसभर बंद.

पोछा बंद, फक्त मऊ झाडू. हवेतला दमटपणा मोजणारं साडेतीनशे रुपयांचं ह्युमिडिटी मीटर आणलं, ते ८८ टक्के दाखवत होतं. भाड्याने डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा खेचणारं यंत्र) लावला, रात्री एसी ड्राय मोडवर. रोज टाकी ओतताना इतकं पाणी हवेतच होतं यावर विश्वास बसत नसे. आकडा ६० च्या आसपास आला, पण फळ्यांना घाई नव्हती. चतुर्थीपर्यंत बहुतेक बसल्या. दाराजवळची एक अजून किंचित उचललेली आहे. तिच्यावर पायपुसणं टाकलंय.