व्हाळ एकच आहे, तर बंधाऱ्याचं प्लॅनिंग पण गाव-शहर मिळून करा

भात कापून झोडून झालं असेल तर आता व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे बघा. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा पण आपला जांभा दगड काय पाणी धरून ठेवत नाही, आज खळखळ वाहतंय म्हणून निवांत राहिलात तर फेब्रुवारीत नुसते गोटे दिसतात आणि नेमकं तेव्हाच हापूसला पाणी हवं असतं.

आधी स्वतःचा हिशोब मांडा. मोहोर यायच्या आधी कलमांना पाणी द्यायचं नाही हे सगळ्यांना माहितीय, पण फळ वाटाण्याएवढं झालं की दर पंधरा दिवसांनी कलमामागे १५० ते २०० लिटर अशा तीन-चार पाळ्या दिल्या तर फळांची गळ बरीच कमी होते, आणि काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद. म्हणजे शंभर कलमं असतील तर २०० लिटरने एका पाळीला २०,००० लिटर, चार पाळ्यांचे ८०,०००. दहा हजारवाले आठ टँकर झाले, भाव तुम्हीच विचारून बघा! काजूला पण जानेवारी ते मार्च पंधरवड्याला २०० लिटर मिळालं तर फरक पडतो. नारळ-सुपारीला तर खंड चालतच नाही, आळ्यात आत्ताच पेंढा नाहीतर झावळ्या टाकून ठेवा.

आता मुद्द्याचं. हे पाणी तुम्हाला मार्चात लागतं आणि खालच्या शहराला पण मार्चातच लागतं. नगरपंचायतीची जॅकवेल, म्हणजे नळयोजनेसाठी पाणी उचलायची विहीर, बहुतेक ठिकाणी त्याच नदीत, त्याच व्हाळाच्या तोंडाशी असते. मग वरचा म्हणतो शहर आमचं पाणी नेतं, शहरवाला म्हणतो वरचे पंप लावून उपसतात, आणि एप्रिलात तहसीलदारांच्या केबिनमध्ये दोघंही उभे. तेव्हा काहीच होत नाही कारण वाटायला पाणीच उरलेलं नसतं, बोलायचं ते आत्ता बोला.

मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० सालचा, २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता पण मिळाली. धामापूर-काळसेची शेती त्याच्यावर आणि मालवण शहराचं नळाचं पाणी पण तिथलंच. एकाच पाण्यावर गाव आणि शहर ही काय नवी गोष्ट नाही आपल्याकडे. तिलारी धरणाचं बघा, १९९० च्या करारात गोवा ७३.३ टक्के आणि महाराष्ट्र २६.७ टक्के असा वाटा लिहून ठेवला. कालवे फुटतात त्याच्या बातम्या येतात तो भाग वेगळा, पण वाटा कागदावर आहे. दोन राज्यांना जमतं तर तीन ग्रामपंचायती आणि एका नगरपंचायतीला का जमू नये?

तुमच्याकडे लघु पाटबंधाऱ्याचं धरण असेल तर १५ ऑक्टोबरचा साठा बघून पाण्याचं वाटप ठरतं, कालवा सल्लागार समितीची मीटिंग साधारण त्यानंतरच होते. पिण्यासाठी किती आरक्षण टाकलंय आणि शेतीला किती पाळ्या मिळणार हे सरपंचांना लेखी मागायला सांगा. पिण्याचं पहिलं हे धोरणच आहे, त्यावर वाद घालू नका, उरलेल्याचं विचारा.

धरण नसेल, नुसता व्हाळ असेल तर उगमापासून जॅकवेलपर्यंत एकदा सगळ्यांनी मिळून चालत जा, नगरपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाला पण सोबत घ्या, आणि एकाच नकाशावर बंधाऱ्याच्या जागा टाका. खालच्या बंधाऱ्याचं फुगलेलं पाणी वरच्याच्या पायथ्याशी टेकलं पाहिजे, एवढं अंतर धरलं की जागा आपोआप ठरत जातात.

बांधताना जागा अरुंद, तळाला कातळ आणि दोन्ही काठ उंच असे बघा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाऊणच भरा, काठोकाठ भरलेली गोणी गोल होते आणि मधून पाणी निघतं. चिरे रचतो तसे सांधे मोडून लावा, दोन रांगांमध्ये चिकण माती कुटून भरा, टोकं काठाच्या आत घुसवा. गोटे भरपूर असतील तर कोकण विजय बंधारा सोपा, दापोलीच्या विद्यापीठाचाच आहे तो, गोटे रचायचे आणि पाण्याच्या अंगाला प्लास्टिकचा कागद लावायचा, कागदाची खालची कड चरात दाबून वर माती टाकायची नाहीतर तिथूनच सगळं पाणी पळतं. सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, ठेवाच, खालच्यांचं पाणी पूर्ण तोडायचं नाही.

निधीचं म्हणाल तर कच्च्या बंधाऱ्याला फायलीची वाट बघत बसू नका, श्रमदान करा, शहरवाल्यांकडून गोण्या, कागद आणि दिवसभराचा जेसीबी मागा, त्यांची पण विहीर भरणार आहे ना! पक्क्या कामाला मात्र पैसा लागतो. तो गावाकडून रोजगार हमी, जलयुक्त शिवार किंवा वित्त आयोगाचा बंधित (पाण्यासाठीच राखून ठेवलेला) निधी, शहराकडून त्यांचं बजेट किंवा अमृत २.० ही केंद्राची शहरी पाण्याची योजना चालू असेल तर ती, आणि दोघांसाठी जिल्हा नियोजन समिती, असा वेगवेगळ्या ठिकाणाहून येतो. काम एक योजना एक असंच ठेवा, एकाच बंधाऱ्यावर दोन बिलं निघाली तर सगळंच अडकतं. पण प्रत्येक फायलीला तोच नकाशा आणि सगळ्या गावांचे ठराव जोडा, कारण सुट्या गावाच्या सुट्या अर्जापेक्षा सगळ्या खोऱ्याचा आराखडा घेऊन गेलात तर जिल्ह्याला पण नाही म्हणायला अवघड जातं. माझ्या मते बहुतेक प्रस्ताव पैशाअभावी नाही तर जमीनमालकांच्या संमतीपत्राअभावी मरतात, मुंबईत राहणाऱ्या चुलत्यांच्या सह्या सातबाऱ्यावरच्या नावाप्रमाणे आत्तापासून गोळा करा, शिमग्याला येतील तेव्हा बघू म्हटलं की मार्च एंड होऊन जातो. ठरावाला २ ऑक्टोबरची ग्रामसभा हुकली असेल तर २६ जानेवारीची धरा, नाहीतर विशेष ग्रामसभा लावा.

ठिबक हवं असेल तर त्याचा अर्ज वेगळा, सरकारच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर, अल्पभूधारकाला पूरक अनुदान धरून ८० टक्क्यांपर्यंत आणि बाकीच्यांना ७५.

विहिरीची पातळी दर महिन्याला एकदा सकाळी पंप लावायच्या आधी दोरीने मोजून वहीत लिहा, वरची खालची दोन्हीकडची. खाडीलगतच्यांनी तर उपसा जपून करा, गोडं पाणी जास्त खेचलं की खारं आत येतं आणि एकदा विहीर मचूळ झाली की पावसापर्यंत थांबावं लागतं.

आणि मे अखेरीस गोण्या आणि प्लास्टिक काढून घ्यायची जबाबदारी कुठल्या वाडीची ते आत्ताच ठरवा, नाहीतर पहिल्या पुरात सगळं वाहून शहरातल्या मोरीत तुंबतं आणि पुढच्या वर्षी जेसीबी मागायला तोंड राहत नाही.